सिस्टरला काय दिसतं, आणि ते कोण ऐकतं

डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या वॉर्डात जातात. सिस्टर मात्र पाळी संपेपर्यंत तिथंच असते. नर्सिंगमधल्या निर्णयशक्तीबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जगभर जेवढं संशोधन झालं, त्याच्या मुळाशी एवढीच साधी वस्तुस्थिती आहे. पेशंट डॉक्टरांसमोर क्वचितच बिघडतो. तो बिघडतो पहाटे तीनला, पाळी बदलताना, शेजारचा नातेवाईक चहाला खाली गेलेला असताना. त्या वेळी जवळ असलेल्या बाईला काय दिसलं, त्यातून तिनं काय ताडलं आणि तिनं सांगितलेलं कुणी मनावर घेतलं का, यावर पुढचं सगळं ठरतं. दिसणं आणि ताडणं यांवर पुस्तकं भरपूर आहेत. मनावर घेण्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे.

हा आढावा वाराणसी डोळ्यांपुढे ठेवून घ्यायला कारण आहे. बनारस हिंदू विद्यापीठाचं सर सुंदरलाल रुग्णालय १९२६ पासून चालू आहे. पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बिहार आणि झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेशाचे लगतचे जिल्हे यांचा मोठा भार त्यावर आहे. गाझीपूर, बलिया, सोनभद्र, बक्सरकडचा पेशंट इथं येतो तो बहुधा गावातला, मग तालुक्याचा, मग जिल्ह्याचा डॉक्टर करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत घेऊन, म्हणजे उशिरा. शिवाय मुंबईच्या टाटा मेमोरियलनं इथं दोन कर्करोग रुग्णालयं उभी केली आहेत. लहरताऱ्याचं होमी भाभा रुग्णालय पूर्वी रेल्वेचं होतं. विद्यापीठाच्या आवारातलं महामना मालवीय कर्करोग केंद्र फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालं. ससून, केईएम किंवा नागपूरचं मेडिकल पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. खाटेला खाट लागलेली, दोन खाटांच्या मधल्या जागेत सतरंजी, तिच्यावर झोपलेला पेशंटचा भाऊ.

शुश्रूषेचा विचार काशीत याहून फार जुना. सुश्रुताला शल्यविद्या शिकवणारा दिवोदास धन्वंतरी हा काशीचा राजा, अशी परंपरा आहे. सुश्रुत आणि चरक दोघंही चिकित्सेचे चार पाय मानतात: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. पण परिचारक कसा असावा हे सांगताना दोघांच्या याद्या वेगळ्या पडतात. सुश्रुताचा परिचारक प्रेमळ, किळस न करणारा, अंगात बळ असलेला, रोग्याला जपणारा, न थकणारा आणि वैद्य सांगेल तसं करणारा. चरकाच्या यादीत पहिलं येतं शुश्रूषेचं ज्ञान, मग हातातलं कौशल्य, मग रोग्याविषयीची ओढ आणि स्वच्छता. वैद्याचं ऐकण्याचा तिथं उल्लेखच नाही. दोन श्लोकांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे खरं. पण आजचा वाद याच दोन याद्यांमधला आहे. आपल्या रुग्णालयांनी नेमणुका करताना चरकाची यादी छापली आणि वॉर्ड चालवताना सुश्रुताची वापरली.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात साधारण १९८४ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी ड्रायफस बंधूंचा नमुना नर्सिंगला लावून पाहिला. ड्रायफस बंधूंनी बुद्धिबळपटू आणि वैमानिक कसे तयार होतात याचा अभ्यास केला होता. बेनर यांचं म्हणणं असं की नर्सही पाच पायऱ्यांनी घडते. नवशिकी नियम पाळते, निष्णात नर्स सगळं चित्र एकदम पाहते, आणि आपण ते कसं पाहिलं हे तिला पुष्कळदा सांगताही येत नाही. यावर पुढे टीका झाली. 'मला वाटलं' याला शास्त्र म्हणायचं का, आणि चुकीच्या वाटण्याचं काय? २००६ मध्ये क्रिस्टीन टॅनर यांनी दोनशेच्या आसपास अभ्यास तपासून जरा अधिक पायाशुद्ध मांडणी केली: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. नर्सच्या लक्षात काय येतं हे समोरच्या आकड्यांपेक्षा ती काय घेऊन पेशंटजवळ जाते यावर जास्त ठरतं, हा त्यांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिचा अनुभव, त्या पेशंटशी असलेली ओळख आणि वॉर्डातलं वातावरण, सगळं त्यात आलं. अमेरिकेनं एप्रिल २०२३ पासून नर्सच्या परवाना परीक्षेतच अशा निर्णयशक्तीची चाचणी आणली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ मध्ये बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा केला. उत्तर प्रदेशानं २०२२ मध्ये 'मिशन निरामया' काढून नर्सिंग संस्थांची प्रतवारी सुरू केली. शाळा-कॉलेजांची बाजू अशी हलते आहे. वॉर्डाची बाजू हलताना कमी दिसते.

एक उदाहरण घेऊ. ते कुठल्या एका पेशंटचं नाही, सर्जरीच्या कोणत्याही वॉर्डात घडेल असं आहे. साठीचे गृहस्थ, आतड्याला भोक पडलं म्हणून ऑपरेशन झालेलं, दुसरी रात्र. ताप ९९.८, नाडी ११०, बीपी ११०/७०, ऑक्सिजन ९५. फोनवर हे आकडे ऐकून कुणालाही वाटेल, ठीक आहे, ऑपरेशनचा पेशंट आहे. पण सिस्टर संध्याकाळपासून त्यांना पाहते आहे. सहा वाजता हे गृहस्थ खैनी देत नाही म्हणून मुलाशी भांडत होते. आता गप्प आहेत. विचारलं की एका शब्दात उत्तर, तेही जरा भलतंच. बोटं चादरीशी चाळा करताहेत. केसपेपर उलटून पाहिला तर भरती होताना बीपी १५६ होतं, म्हणजे या माणसासाठी ११० हे खाली घसरणं आहे. युरोबॅगमध्ये गेल्या तीन तासांत चाळीस मिली. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस तरी हवी. मग ती त्यांचं मनगट धरते, नाडी मोजते आहे असं दाखवते आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहते, कारण श्वास मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. अठ्ठावीस.

इथं एक आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये धोक्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धत आणली, २०१७ मध्ये सुधारली. ती 'न्यूज' या नावानं ओळखली जाते. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण द्यायचे. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे आणखी. बेरीज पाच झाली तर डॉक्टरांनी तातडीनं पाहायचं, सात झाली तर धावपळ. आपल्या गृहस्थांचे श्वासाचे तीन, ऑक्सिजनचा एक, बीपीचा एक, नाडीचा एक: सहा. नव्यानं आलेला गोंधळलेपणा धरला तर आणखी तीन, एकूण नऊ. आता समजा श्वास न मोजता सवयीनं १८ लिहिला आणि 'पेशंट शुद्धीवर' अशी नेहमीची नोंद केली. बेरीज तीन. कुणालाही उठवायची गरज नाही.

आणि श्वास १८ लिहिणं ही जगभरची सवय आहे. भारतातला कुठलाही टीपीआर चार्ट पाहा: ताप खालीवर, नाडी खालीवर, श्वास मात्र १८, २०, १८, २०. ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २००८ मध्ये श्वासाच्या गतीला दुर्लक्षित लक्षण म्हणून लेखच लिहिला गेला. त्याला यंत्र नाही, घड्याळ आणि साठ सेकंदं लागतात, म्हणून तो मागे पडतो. पण बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा तोच देतो. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ८४ टक्क्यांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडल्याच्या किंवा नवीन तक्रारीच्या नोंदी होत्या. नोंदी होत्या, हे महत्त्वाचं. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं, लिहिलं होतं, आणि ते कागदावर राहिलं.

श्वास मोजण्यावरून गडचिरोली आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा दाईंसाठी मण्यांचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सगळे मणी सरकले आणि वाळू अजून पडतेच आहे, तर बाळाला न्यूमोनिया. पुढे गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. या प्रयोगाची चर्चा बालमृत्यूच्या अंगानं खूप झाली. नर्सिंगच्या अंगानंही तो वाचायला हवा. मोजक्या, नेमक्या खुणा शिकवल्या, त्यावर काय करायचं ते आधी ठरवून दिलं आणि करण्याचा अधिकार दिला, तर थोडं शिकलेल्या बाईचा निर्णयही जीव वाचवतो. मग तीन-चार वर्षं शिकलेल्या नर्सच्या हातून वॉर्डात तेच का घडत नाही? ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. त्या गावातल्या बाईकडे असलेल्या दोन गोष्टी, म्हणजे अधिकार आणि पुरेसा वेळ, या नर्सकडे नसतात.

वेळेचं आधी पाहू. परिचर्या परिषदेचा निकष असा की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन पेशंटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. सरकारी वॉर्डात रात्री एकीवर तीस-चाळीस पेशंट, ही कैफियत देशभर ऐकू येते. बारा तासांची रात्र आणि तीस पेशंट धरले तर माणशी चोवीस मिनिटं. त्यात इंजेक्शनं, सलाइन, ड्रेसिंग, नवीन भरती, रक्ताची पिशवी आणायला माणूस पाठवणं, केसपेपरवरच्या नोंदी आणि नातेवाइकांची समजूत. नीट सगळी लक्षणं मोजायची तर एकेकाला पाच मिनिटं, दर चार तासांनी, म्हणजे पंधरा तिथंच गेली. श्वास १८ लिहिणारी सिस्टर आळशी असते असं म्हणणाऱ्यानं हा हिशोब करून पाहावा. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेत आणि २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत शस्त्रक्रियेच्या पेशंटांचा अभ्यास केला. दोन्हीकडे उत्तर जवळपास एकच आलं: नर्समागे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. युरोपातल्या अभ्यासात आणखी एक निघालं. पदवीधर नर्सांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तर ती शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी. हे अभ्यास त्यांच्या रुग्णालयांचे, आकडे तसेच्या तसे बनारसला लावता येणार नाहीत. दिशा मात्र उलटी असण्याचं कारण दिसत नाही.

ही तूट आपल्याकडे भरून काढतात नातेवाईक. पेशंटला कुशीवर वळवणं, भरवणं, भांडं देणं, सलाइन संपलं की सिस्टरला हाक मारणं, ही कामं बनारसमध्ये मुलगा, सून, मेहुणा करतो. पाश्चात्त्य पुस्तकांत हा माणूसच नाही, त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमातही तो कडेला राहतो. पाळीच्या शेवटी 'गर्दी करू नका' एवढ्यापुरता आठवतो. वास्तविक खैनीवरून भांडणारे वडील गप्प झाले हे सिस्टरच्याही आधी मुलाला कळलेलं असतं. 'सिस्टर, बाबूजी आज वेगळेच वाटताहेत' हे वाक्य ही माहिती आहे. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीचा २०२१ मध्ये जंतुसंसर्गानं मृत्यू झाला. आई-वडिलांनी चिंता बोलून दाखवली होती, तिची दखल घेतली गेली नाही. त्यानंतर २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत घरच्यांना थेट दुसऱ्या पथकाला बोलावण्याची सोय सुरू झाली. आपल्याकडे घरचा माणूस चोवीस तास खाटेला चिकटून असतो आणि त्याच्या बोलण्यासाठी चार्टवर रकाना नाही.

रकाना सिस्टरच्या काळजीसाठीही नाही. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये आणीबाणीचं पथक सुरू झालं. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत आकड्यांबरोबर एक कलम असतं: पेशंटबद्दल चिंता वाटते. बस्स. कारण द्यावं लागत नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी नर्सच्या या चिंतेच्या पोटात शिरून पाहिलं. आत सापडलं ते असं: श्वासाची बदललेली ढब, त्वचेचा रंग, थंडी वाजून येणं, अस्वस्थपणा, वागण्यातला फरक, अपेक्षेप्रमाणे सुधारणा नसणं, पेशंटनं स्वतःच बरं वाटत नाही म्हणणं. म्हणजे ज्याला आपण सिस्टरचं मन म्हणतो ती बहुतेक वेळा मोजणीच्या आधीची निरीक्षणं असतात. त्यांच्या खुणा नाडी-बीपीच्या आधी उमटू शकतात.

आता फोनची गोष्ट. सिस्टर रात्री अडीचला रेसिडेंटला फोन करते. तो छत्तीस तास जागा असू शकतो. त्यालाही दोष देऊन भागत नाही. 'सर, बेड नंबर चौदा जरा बरे वाटत नाहीत' असं म्हटलं की उत्तर येतं, 'व्हायटल्स काय आहेत? मग? पॅरासिटामॉल दे, सकाळी बघतो.' फोन संपला. विमान आणि पाणबुडीवाल्यांनी या अडचणीवर तोड काढली होती. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतली निरोप देण्याची रीत तिथल्या रुग्णालयांनी उचलली, तिला 'एसबार' म्हणतात: आत्ता काय चाललंय, मागची हकिकत, मला काय वाटतं, मला काय हवं. चौदा नंबरच्या बाबतीत ते असं होईल: 'सर, चौदा नंबर, श्वास अठ्ठावीस, लघवी तीन तासांत चाळीस मिली, बोलण्यात गोंधळ आहे. दुसरा दिवस, परफोरेशन, मूळचं बीपी १५६, आता ११०. मला सेप्सिस वाटतो. तुम्ही आत्ता येऊन पाहावं.' यातली पहिली दोन वाक्यं आपल्या सिस्टर सहज म्हणतात. 'मला सेप्सिस वाटतो' हे म्हणायला अजून जीभ रेटत नाही, कारण निदान करणं हे आपलं काम नाही असं तिला शिकवणीच्या पहिल्या वर्षापासून ऐकवलेलं असतं. आणि 'येऊन पाहावं' म्हणायला वय, नोकरीतली वर्षं आणि बरोबर उभी राहणारी इन्चार्ज सिस्टर लागते. शिकाऊ डॉक्टरला मात्र सर्जरीच्या वॉर्डात पहिले सहा महिने कोण सांभाळून घेतं, हे कुठल्याही सर्जनला खासगीत विचारा.

सिस्टरला दिसलेलं नेहमी बरोबर असतं असंही नाही. बाईमाणूस कण्हते आहे म्हणजे 'नाटक करते', दारुडा बरळतोय म्हणजे दारूच उतरते आहे, असे शिक्के वॉर्डात पटकन बसतात आणि मग डोक्याला मार लागलेला दारुडा सकाळपर्यंत तसाच राहतो. पदराआडून न बोलणारी सून वेदना दहापैकी किती असं विचारल्यावर काहीच सांगत नाही, म्हणून दुखत नसेल असं धरलं जातं. यंत्रंही फसवतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर आकडा जास्त दाखवू शकतं, हे अमेरिकेतल्या पेशंटांवरून २०२० च्या अखेरीस पुढे आलं. काही महिन्यांतच, एप्रिल-मे २०२१ मध्ये, बनारसमध्ये कोविडची दुसरी लाट शिगेला होती. विद्यापीठाच्या मैदानावर पंडित राजन मिश्र यांच्या नावाचं तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं, आणि प्रत्येक निर्णय त्या छोट्या चिमट्यावरच्या आकड्यावर चालला होता. ९३ दिसतं आहे, पण पेशंटला एका दमात वाक्य पुरं करता येत नाही: अशा वेळी कशावर विश्वास ठेवायचा हे त्या दिवसांत नर्सांनी ठरवलं. पेशंटला पालथं कधी झोपवायचं हेही पुष्कळदा त्यांनीच. त्यातलं शिकण्यासारखं फारसं लिहून ठेवलं गेलं नाही, ही चुटपुट वाटते.

संगणकावर सगळं सोपवावं असं सुचवणारे आता बरेच आहेत. सेप्सिसचा अंदाज बांधणारी एक प्रणाली अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात होती. २०२१ मध्ये मिशिगनमध्ये तिची तपासणी झाली तेव्हा तीनपैकी दोन पेशंट तिच्या नजरेतून सुटल्याचं आढळलं. इथं आणखी थांबायला नको.

अधिकाराचं चित्र मात्र चक्रावून टाकणारं आहे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यांत बी.एस्सी. नर्स मोठ्या संख्येनं आहेत, सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेल्या. त्या बीपी-मधुमेहाचे पेशंट सांभाळतात, ठरलेली औषधं देतात. बाळंतपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची मुभा प्रशिक्षित एएनएमलाही आहे. म्हणजे चंदौली जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रावर, जिथं विचारायला कुणी नाही, तिथं नर्सचा निर्णय चालतो. तीच नर्स गंगा ओलांडून बनारसच्या मोठ्या रुग्णालयात आली की तापाची गोळीही लेखी आदेशाशिवाय देऊ शकत नाही. डॉक्टर जितके जवळ, तितकी नर्सची बुद्धी कमी, असा हा हिशोब. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर घडवणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम परिषदेनं आणला आहे, पण शिकून आलेल्यांना त्या अधिकाराची पदं द्यायला रुग्णालयं फारशी पुढे आलेली नाहीत. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा परिचर्या आयोगाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला. नोंदणी, शिक्षण, दर्जा यांची व्यवस्था त्यात आहे. पहाटेच्या फोनवर काय होतं ते कायद्यानं बदलायचं नाही, ते रुग्णालयाच्या स्थायी आदेशांनी बदलायचं असतं: इतके गुण झाले तर सिस्टरनं ऑक्सिजन लावावा, सलाइन चालू करावं, रक्ताचे नमुने काढावेत आणि रेसिडेंट आला नाही तर थेट वरिष्ठांना बोलवावं. दोन पानांचा कागद. त्यावर विभागप्रमुखाची सही लागते.

निर्णय म्हटलं की आपल्याला धावपळ डोळ्यांपुढे येते. पण नर्सिंगमधले बहुतेक निर्णय संथ असतात. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याची दखल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घेतली. या गोष्टीकडे आपण माया म्हणून पाहतो. माया होतीच. पण शय्याव्रण मायेनं टळत नाही. माकडहाडावरची त्वचा दाबल्यावर लाली जाते का, चादरीला चुणी आहे का, आज खाणं कमी झालं तर अंग किती वेळा वळवायचं, हे रोज, पाळीमागून पाळी ठरवावं लागतं. आणि ते पुढच्या पाळीला नीट सांगावं लागतं. त्याच निकालात न्यायालयानं आणखी एक केलं: अरुणाच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही. रोज हात लावणाऱ्यांना पेशंट कळतो, हे तत्त्व देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयानं मान्य केलं. वॉर्डाच्या राउंडमध्ये ते अजून यायचं आहे. तिथं सिस्टर ट्रॉलीमागे फाइल धरून उभी असते.

बनारसचा म्हणून एक वेगळा पैलू आहे, तो मरणाशी निगडित. लोक इथं मरायला येतात. काशी लाभ मुक्ती भवनात उपचार नसतात. भजन, गंगाजळ आणि साधारण दोन आठवड्यांची मुदत. दुसरीकडे, मरायला आलेल्याला उचलून औषधपाणी करण्याची रीतही इथलीच. १९०० साली यामिनीरंजन मजुमदार नावाच्या तरुणाला रस्त्यात पडलेली म्हातारी दिसली, त्यानं भीक मागून मिळवलेल्या चार आण्यांतून तिच्या पोटात काही घातलं, आणि त्यातून उभं राहिलेलं काम पुढे रामकृष्ण मिशनचं लक्सा भागातलं रुग्णालय झालं. या दोन रीतींची गाठ आज कर्करोगाच्या वॉर्डात पडते. घरच्यांना पेशंटला घाटाजवळ न्यायचं असतं, डॉक्टरांना अजून एक केमो देता येईल असं वाटतं. पेशंटला स्वतःला काय हवं आहे हे मात्र पुष्कळदा रात्री अंग पुसताना सिस्टरजवळ निघतं. ते केसपेपरवर कुठे लिहायचं?

या वॉर्डात मॉर्फिन असतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर ते मिळणं कागदोपत्री तरी सोपं झालं. मॉर्फिनच्या ठरलेल्या डोसांबरोबर डॉक्टर आणखी एक ओळ लिहितात: मधे दुखलं तर, एसओएस. भारतातल्या प्रत्येक वॉर्डात प्रत्येक केसपेपरवर कुठे ना कुठे ही तीन अक्षरं असतात. आणि त्यांचा अर्थ एवढाच की गरज आहे की नाही हे सिस्टरनं ठरवावं. पेशंट भिंतीकडे तोंड करून पडला आहे, तो झोपला आहे की दुखणं सोसतो आहे? शेवटचा डोस कधीचा, गुंगी किती, श्वास मिनिटाला किती? मूत्रपिंडं साथ देत नसतील तर मॉर्फिन अंगात साचतं, कालची लघवी किती होती? द्यायचं, की अर्धा तास थांबून पुन्हा पाहायचं? हे सगळं ती एकटी, विजेरीच्या उजेडात ठरवते आणि सकाळी चार्टवर लिहिते: एसओएस डोस दिला, २.४० वाजता. राउंडला रेसिडेंट डोस पाहतो आणि बेरीज करून दिवसाचं मॉर्फिन वाढवतो. डोस का दिला, आधी काय दिसलं, दिल्यावर चेहरा कधी सैल झाला, हे त्यानं विचारलं तर सांगायला सिस्टर तिथंच असते, पाळी साडेसातला संपते.